बारावं कार्ड

ऑफिसच्या सिक्रेट सँटामध्ये मला जो खोका आला, त्यावर लिहिलं होतं, 'विंटर नाइट : कार्ड मेकिंग किट'. देणाऱ्याचं नाव अर्थातच नव्हतं. मला फारसं न ओळखणाऱ्या कुणीतरी पाचशे रुपयांच्या मर्यादेत बसवलेली वस्तू. आदल्या वर्षी वासाची मेणबत्ती आली होती, त्याच्या आदल्या वर्षी मग. खोका मी डेस्कखाली सरकवला आणि विसरून गेले.

तो ढोकीला आला तो केवळ बॅगेत जागा होती म्हणून. २०२४ च्या डिसेंबरात येळवस तीस तारखेला होती आणि संक्रांत १४ जानेवारीला. मधले दोन आठवडे घरून काम करायची परवानगी मिळाली, म्हणून मी पुण्याहून गावी आले.

ढोकी हे लातूर-बार्शी रस्त्यावरचं, तेरणा साखर कारखान्याचं गाव. गोरोबाकाकांचं तेर इथून जवळच. पहाटे अंगणात शेकोटी लागेल एवढी थंडी पडते, पण बर्फ म्हणाल तर आमच्याकडे तो फक्त रसवंतीवर मिळतो. अशा गावात, आईच्या पलंगावर, मी तो खोका उघडला. आतून बर्फ बाहेर पडला.

काळ्याच्या जवळ जाणाऱ्या गडद निळ्या रंगाची बारा दुमडीची कार्डं आणि बारा पाकिटं. आत चिकटवायला बारा कोरे पांढरे कागद. छापील नक्षीच्या कागदांचे चार ताव. आधीच कापून ठेवलेली चित्रं : सूचिपर्णी झाडं, धुराड्याचं घर, एक कोल्हा, लोकरीचे हातमोजे. पाठीला गोंद असलेल्या अर्ध्या मोत्यांचं पाकीट, तीन आकारांत. चंदेरी दोरा, डबल टेप, फोम टेपचे बारीक चौकोन, इंग्रजी शुभेच्छांचे स्टिकर आणि एक सूचनापत्र. त्यात पायरी एक, पायरी दोन असे फोटो.

"काय करायलीस गं? शाळेचा प्रोजेक्ट हाय का कुणाचा?" आईनं विचारलं.

"टाइमपास," मी म्हणाले.

ते खरंच होतं. माझं काम दिवसभर स्क्रीनवर चालतं. चुकलं तर मागं जाता येतं, जुनी आवृत्ती परत आणता येते. इथे ती सोय नाही. डबल टेप एकदा कागदाला लागली की लागली. ओढून काढायला गेलं की कागदाचा पापुद्राच निघतो. पहिल्या कार्डावरचं घर एका अंगाला कललं. दुसऱ्यावरचा कोल्हा हवेत उडाला. तिसऱ्या कार्डाला मला एक युक्ती सापडली. टेपचा वरचा कागद पूर्ण सोलायचा नाही, फक्त एका कोपऱ्यापुरता सोलून बाहेर दुमडून ठेवायचा. चित्र जागेवर ठेवायचं, सरकवून पाहायचं, समाधान झालं की बोटानं दाबून धरायचं आणि मग उरलेला कागद हळूच ओढून काढायचा. फोम टेपचंही तसंच. तो एक-दोन मिलिमीटर जाडीचा तुकडा चित्राखाली गेला की चित्राची सावली पडते आणि सपाट कागदावर अचानक संध्याकाळ होते.

दोन रात्रींत सात कार्डं झाली. सगळी सूचनापत्रातल्या फोटोंसारखी. ह्यात माझं काय, असा प्रश्न पडत होताच. रंग दुसऱ्याचे, चित्रं दुसऱ्याची, मांडणी दुसऱ्याची. मी फक्त जोडणी केली होती. पण नोकरीतही मी बहुतेक वेळा दुसऱ्यानं लिहिलेले तुकडेच जोडते, त्यामुळे ह्या प्रश्नाचं फार वाईट वाटलं नाही. मैत्रिणी, मॅनेजर, लातूरच्या मावशी, अशी मनात यादी तयार होत होती.

मग येळवस आली.

लातूर-धाराशिवकडच्या बाहेर हा सण फारसा माहीत नसतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि शेतं भरतात. रब्बीची ज्वारी उभी असते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, वर शाल पांघरतात, आत पांडव मांडून पूजा करतात. माठात आंबील, पातेल्यात भज्जी, उंडे, खीर. शेतात आलेल्याला, अगदी रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही, हाक मारून जेवायला बसवायचं, ही रीत.

आमच्या शेतात मात्र एक बांध आहे आणि बांधाच्या दोन्ही बाजूंना दोन कोपी असतात. एक आमची, एक तात्यांची. तात्या म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. मधलं अंतर फार तर शंभर पावलं. त्या दिवशी रस्त्यावरून चाललेल्या दोन मोटरसायकलवाल्यांना अण्णांनी हात करून बोलावलं, आग्रह करकरून आंबील पाजली. बांधापलीकडे तात्यांनीही कुणाला तरी बोलावलं होतं. हसण्याचा आवाज येत होता. दोन्ही कोपींत अनोळखी माणसं जेवली. आम्ही एकमेकांकडे गेलो नाही. असं होण्याची ती नववी येळवस होती.

कारण पाणी.

वाटणीत विहीर आमच्या बाजूला आली. पाणी मात्र निम्मंनिम्मं, हे तोंडी ठरलेलं. पाऊस बरा होता तोवर तोंडी ठरलेलं पुरत होतं. मग २०१६ चा उन्हाळा आला. त्या एप्रिलमध्ये लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे देशभराच्या बातम्यांत आलं होतं. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. कुर्डुवाडी-लातूर मार्गावरून जाणारी ती गाडी आमच्या ढोकी स्टेशनावरूनच पुढे गेली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून अनोळखी माणसांनी पाठवलेलं पाणी आमच्या गावातून जात होतं आणि त्याच महिन्यात अण्णांनी विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टरला कुलूप लावलं. विहीर तासाभरात तळाला जायची. आमची जनावरं होती, त्यांचा दीड एकर ऊस होता. अण्णा म्हणाले, आधी जनावरं. तात्या म्हणाले, आधी ठरलेलं.

इथवर ही दोन भावांची गोष्ट आहे. मी त्यात येते ती इथून पुढे.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, पुण्यात, होस्टेलवर. घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यात दोन्हीकडचे सगळे. भांडण ग्रुपवर आलं. मी एका रात्री बसून एक्सेलमध्ये तक्ता केला. मोटार पाच एचपीची, तासाला उपसा अंदाजे इतका, मार्चपासून कुणी किती तास चालवली, जनावरांना दिवसाला लागणारं पाणी किती, उसाला किती. सगळं आईला फोनवर विचारून, म्हणजे एकाच बाजूनं. तक्त्यातून निघत होतं की तात्यांनी त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त पाणी घेतलंय. त्याचा स्क्रीनशॉट मी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आकडे खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात.'

मला ते वाक्य फार आवडलं होतं. एका मैत्रिणीला दाखवलंसुद्धा होतं.

दहा मिनिटांत चुलतभाऊ ग्रुपमधून बाहेर पडला. मग तात्या. काकू सर्वांत शेवटी, दुसऱ्या दिवशी दुपारी. नंतर आई एकदाच म्हणाली, "कुलूप आज ना उद्या निघालं असतं." पुढचं ती बोलली नाही. पावसाळ्यात कुलूप निघालंही. ग्रुप पुन्हा भरला नाही.

येळवशीच्या संध्याकाळी घरी आले तेव्हा पलंगावर किट तसंच पसरलेलं होतं. गडद कार्डावर पांढरे मोती सांडले होते. ते उचलायला वाकले आणि थांबले. तो बर्फ नव्हता. तो काळ्या चंद्रकळेवरचा हलवा होता.

मी नऊ-दहा वर्षांची असेन, चुलतभावाचं बोरन्हाण होतं. काकू बार्शीची. हलव्याचे दागिने बाजारातून आणणं तिला कमीपणाचं वाटायचं. ती हलवा तेवढा विकत आणायची आणि बाकी सगळं घरी. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मुकुटाचा आकार करायची, त्यावर काळं कापड, मग हलवा. हारासाठी दोऱ्याच्या फासात एकेक दाणा अडकवायची. पुठ्ठ्याला दाणे लावायला खळ शिजवायची. ती खळ लावायचं काम माझ्याकडे होतं. "बोटाला नाय चिकटली पायजे, पुठ्ठ्याला चिकटली पायजे," असं म्हणून ती माझी बोटं ओल्या फडक्यानं पुसायची. मला हातानं काही जोडायला ज्या बाईनं शिकवलं, ती ही. पुण्यातल्या कोणत्याही लॅबच्या आधी.

पाच कार्डं उरली होती. चार मी आणखी यादीतल्या लोकांसाठी केली, खरं तर हात बसावा म्हणून. बारावं काकूचं.

ह्या कार्डाला सूचनापत्र उपयोगाचं नव्हतं. झाडं, घर, कोल्हा बाजूला ठेवले. वाटी उपडी ठेवून पेन्सिलीनं हाराचा अर्धगोल आखला. मधोमध मोठे मोती, दोन्ही टोकांकडे मध्यम, मग बारीक. चिमट्यानं एकेक. चंदेरी दोरा खालच्या कडेला काठासारखा लावला. खरा हलवा चिकटवायचा मोह झाला होता, पण पाकिटाला मुंग्या लागल्या असत्या आणि टपालाच्या शिक्क्याखाली त्याचा चुरा झाला असता. दीड तास गेला. सगळं झाल्यावर कार्ड पुस्तकांच्या दडपणाखाली रात्रभर ठेवलं, सपाट बसावं म्हणून.

मग आतला कागद. कोरा, पांढरा.

किटनं माझ्यासाठी शंभर गोष्टी आधीच ठरवून दिल्या होत्या. ही एक ठेवली होती. खरं तर त्यांनी त्याचीही सोय केली होती. 'वॉर्म विशेस' असा चंदेरी स्टिकर होता. तो चिकटवला असता की काम झालं असतं. आणि ग्रीटिंग कार्ड नावाची वस्तू मुळात अशाच कामासाठी जन्मली आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना नाताळात पत्रांची उत्तरं देणं आवरेना. तीन वर्षांपूर्वी एका पेनीत पत्र जाण्याची सोय सुरू झाली होती, त्यामुळे सगळेच लिहीत सुटले होते. कोलनी जॉन हॉर्स्ली ह्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, त्यावर शुभेच्छा छापल्या आणि वर-खाली फक्त घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं नाव लिहायला जागा ठेवली. पहिलं छापील नाताळ कार्ड ते. वेळ वाचवणारी युक्ती. माझ्यासारख्या कुणाला तरी सुचावी अशीच. आज फॉरवर्ड करतो ती फुलांची चित्रं ह्याच घराण्यातली.

आईच्या पत्र्याच्या डब्यात जुनी संक्रांतीची कार्डं आहेत. मामांनी सोलापूरहून पाठवलेली, पोस्टकार्डापेक्षा लहान, सुगड आणि पतंग छापलेली, सोबत हलव्याची इवलीशी पुडी असायची. सगळ्यांवर एकच ओळ. मीही तीच लिहायला घेतली. 'तिळगूळ घ्या' एवढं लिहून झालं आणि पुढचे दोन शब्द लिहिता येईनात.

'गोड बोला' हे आज्ञार्थी आहे, हे शाळेत व्याकरण शिकताना कधी जाणवलं नव्हतं. ज्यांना मी कडू बोलले त्यांना मीच सांगणार, गोड बोला? तो कागद बाद झाला. किटमध्ये जादा कागद नव्हता. घरातला एक कोरा ताव मापानं कापला आणि रिकाम्या बॉलपेननं रेघ ओढून दुमडला.

मग मी लॅपटॉपवर मसुदा लिहिला. वय एकोणीस होतं, पूर्ण माहिती नव्हती, दुष्काळामुळे सगळेच ताणाखाली होते, अण्णांची बाजू, तात्यांची बाजू. वाचून पाहिलं तर तो पुन्हा तक्ताच झाला होता, फक्त ह्या वेळी मला निर्दोष ठरवणारा. पुसून टाकला.

शेवटी पेननं लिहिलं ते असं :

'काकू, तात्या, २०१६ साली ग्रुपवर मी जे टाकलं ते टाकायला नको होतं. पाण्याचा हिशेब मी केला, पण तुमचा ऊस वाळताना बघायला मी आले नव्हते. माझं चुकलं.'

खाली माझं नाव घातलं नाही. काकू मला ज्या नावानं हाक मारायची ते घातलं.

कार्ड टेबलावर वाळत होतं तेव्हा अण्णा पाणी प्यायला आले. उचललं नाही, वाकून पाहिलं.

"कुणाला?"

"काकूला."

त्यांनी तांब्या जागेवर ठेवला आणि बाहेर गेले. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मी त्यांच्या वतीनं काही लिहिलं नव्हतं, कुलपाबद्दल एक अक्षर नव्हतं. तरी त्यांच्या भांडणातली एक वीट मी विचारल्याशिवाय काढली होती आणि त्यांना ते कळलं होतं. चूक माझी होती, म्हणून कबूल करण्याचा हक्कही माझाच, असं मी स्वतःला सांगत राहिले. अजूनही ते पूर्ण पटलेलं नाही.

तात्यांचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. हातानं देता आलं असतं. पण दारात उभं राहिलं की समोरच्याला काहीतरी करावं लागतं. या म्हणावं लागतं किंवा दार लावावं लागतं. टपालाचं तसं नाही. ते घेणाऱ्याला एकटं सोडतं. म्हणून पोस्ट. पाच रुपयांच्या तिकिटात वीस ग्रॅमपर्यंत पत्र जातं. खोक्यावर कार्डाचा कागद ३०० जीएसएमचा लिहिला होता, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम. उलगडलेलं कार्ड ए-फाइव्ह आकाराचं, म्हणून सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास. शिवाय आतला कागद, मोती, पाकीट. हिशेब काठावर येत होता. ह्या वेळी मी हिशेबावर विसंबले नाही. गावातल्या सोनारदादांच्या काट्यावर वजन केलं. अठरा ग्रॅम.

"काय हाय यात?" दादांनी विचारलं.

"हलवा," मी म्हणाले.

आठ तारखेला पत्र पेटीत टाकलं. त्याच गावातून त्याच गावाला. भोगी गेली, संक्रांत गेली. आईनं हळदीकुंकू केलं. दर वर्षी ती काकूच्या नावानं एक वाण बाजूला काढून ठेवते आणि रथसप्तमीनंतर कुणालातरी देऊन टाकते. ह्या वर्षीही तसंच काढून ठेवलं. फोन आला नाही, निरोप आला नाही. पत्र पोचलं की नाही हे पाहायला ट्रॅकिंगही नव्हतं. पाच रुपयांत ते मिळत नाही, आणि ते नव्हतं हे बरंच झालं. नाहीतर मी दर तासाला पाहिलं असतं.

रविवारी मी पुण्याला निघाले. स्टँडवर काकू होती. बार्शीच्या गाडीची वाट बघत, मांडीवर पिशवी घेऊन. केस पांढरे झाले होते. मी लांबून पाहते त्या काकूपेक्षा ती लहानखुरी वाटली. बाकावर तिच्या शेजारी जागा होती. मी उभी राहिले.

बराच वेळ ती रस्त्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "कडंनं टेप दिसायलाय."

मला आधी कळलंच नाही.

"हाराच्या खालच्या दोऱ्याला. टेप दिसायलाय कडंनं. आन् मोती गुळगुळीत हाय. हलव्याला काटा लागतो."

"किटमधी तसेच होते, काकू."

"खळ लावायची हुतीस."

"खळ कशी करायची इसरले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "गव्हाचं पीठ गार पाण्यात कालवायचं आधी. गरम पाण्यात टाकलंस की गाठी झाल्या. मंद आचंवर, हलवत ऱ्हायचं. टिकवायची आसंल तर चिमूटभर मोरचूद. पर मग पोरासोरांच्या हाताला लागू द्यायची नाय."

गाडी आली. ती उठली, पिशवी सावरली, चढली. तात्यांनी कार्ड वाचलं का, हे मी विचारलं नाही. तिनं आतल्या ओळींबद्दल एक शब्द काढला नाही. खिडकीतून तिनं हात केला की पदर सावरला, तेही मला नीट सांगता येणार नाही.

एवढंच झालं आहे. बांध तिथेच आहे. पुढच्या येळवशीला दोन कोपी असतील, असंच मी धरून चालले आहे. अण्णांनी स्टँडवरचं सगळं आईकडून ऐकलं असणार. ते काही बोललेले नाहीत.

पुण्याला आल्यावर उरलेली अकरा कार्डं वाटली. सगळ्यांनी कौतुक केलं, फोटो काढून स्टेटसला ठेवले. टेप कडेनं दिसते आहे, हे एकालाही दिसलं नाही.

परवा रात्री फ्लॅटवर खळ करून पाहिली. पीठ गार पाण्यातच कालवलं होतं, पण मधे कामाचा मेसेज आला आणि हलवायचं राहिलं. गाठी झाल्या. उद्या परत करणार आहे.